भूकंपाच्या देशात राहणारी आपली माणसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारत आणि जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये कुशल कामगारांविषयीचा करार झाला आणि वृद्धसेवा, अन्नप्रक्रिया, शेती, बांधकाम अशा कामांसाठी तिकडे जाण्याची वाट आपल्या खेड्यांतील मुलामुलींसाठीही मोकळी झाली. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका कापूस पिकवणाऱ्या गावचा असून काही वर्षांपासून जपानमध्ये राहतो. सुट्टीत गावी आलो की पारावर, लग्नाच्या मांडवात किंवा एसटीच्या थांब्यावर लोक मला पगाराविषयी थोडे आणि भूकंपाविषयी पुष्कळ विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ती जाणाऱ्यांसाठी आहेत आणि तितकीच मागे राहणाऱ्या आईवडिलांसाठीही आहेत, कारण भूकंपाच्या दिवशी अर्धी घालमेल गावातच होत असते.

जपानमध्ये खरोखर रोज भूकंप होतो का?

माणसाला जाणवतील असे भूकंप तेथे वर्षाला साधारण एक ते दोन हजार नोंदले जातात, परंतु हा आकडा संपूर्ण देशाचा आहे आणि त्यांतील बहुतेक इतके हलके असतात की चालत्या माणसाला ते कळतही नाहीत. जपानच्या खाली आणि भोवती चार भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे मोठे तुकडे, एकमेकांना भिडतात, म्हणून जगातील ६ किंवा त्याहून मोठ्या भूकंपांपैकी सुमारे एक पंचमांश त्याच पट्ट्यात होतात. एका ठिकाणी राहणाऱ्याला कधी महिनाभर काहीच जाणवत नाही, तर कधी एकाच आठवड्यात दोन-तीनदा खिडक्या खडखडतात. नव्या माणसाने या हलक्या हादऱ्यांना घाबरू नये, पण त्यांची इतकी सवयही होऊ देऊ नये की मोठा धक्का सुरू झाला तरी तो जागचा हलणार नाही.

टीव्हीवर ‘जपानमध्ये ७.६ चा भूकंप’ असे दाखवतात. आमच्या मुलाच्या गावात काय झाले असेल हे कसे समजावे?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण गावाकडील निम्मी भीती या एका आकड्यातून येते. बातमीतील आकडा भूकंपातून एकूण किती ऊर्जा बाहेर पडली हे सांगतो. मुलगा ज्या ठिकाणी होता तेथील जमीन किती हलली हे तो सांगत नाही. मांडवातला भोंगा शेजारच्या घरी कानठळ्या बसवतो आणि चार कोसांवर जेमतेम ऐकू येतो, तसा हा प्रकार आहे. म्हणून जपानमध्ये प्रत्येक ठिकाणच्या हादऱ्यासाठी ‘शिंदो’ नावाची वेगळी मोजपट्टी वापरतात. ती ० ते ७ अशी असून ५ आणि ६ या पायऱ्यांचे सौम्य व तीव्र असे दोन-दोन भाग केल्यामुळे एकूण १० पायऱ्या होतात. शिंदो ३ ला घरातील बहुतेकांना हलल्याचे जाणवते, ४ ला टांगलेले दिवे जोराने झुलतात आणि झोपलेली माणसे जागी होतात, ५ च्या पुढे काहीतरी धरल्याशिवाय चालणे कठीण होते, आणि ६ तीव्र व ७ ला माणूस उभाच राहू शकत नाही.

१ जानेवारी २०२४ रोजी दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरील नोतो द्वीपकल्पात ७.६ चा भूकंप झाला. तेथे शिंदो ७ नोंदला गेला, घरे कोसळली, वाजिमा शहराच्या बाजारात आग लागली आणि रस्ते तुटल्यामुळे मदत पोहोचायला उशीर झाला. त्याच वेळी टोकियोतील लोकांचे नववर्षाचे जेवण बहुतेक ठिकाणी थांबलेसुद्धा नाही. जपानच्या उत्तरेकडील साप्पोरो आणि दक्षिणेकडील फुकुओका या शहरांमधील अंतर नागपूर आणि दिल्ली यांच्यातील अंतरापेक्षा जास्त आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे ‘जपानमध्ये’ या शब्दात किती मोठा मुलूख येतो हे समजते. प्रत्येक घराने आपल्या मुलाच्या प्रांताचे आणि शहराचे नाव देवनागरीत लिहून भिंतीवर लावावे. बातमी आली की आधी त्या शहराचा शिंदो पाहावा. तेथील हवामान संस्थेच्या संकेतस्थळावर तो काही मिनिटांतच दिसतो आणि गावातील कोणताही शिकलेला मुलगा तो पाहून सांगू शकतो.

हलायला लागले की लगेच बाहेर पळायचे ना?

जपानमध्ये बहुतेक वेळा नाही, आणि आपल्याकडून गेलेल्या माणसाला ही गोष्ट अंगवळणी पाडायला सर्वांत जास्त वेळ लागतो. आपल्या मनात किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतर दमून झोपलेली माणसे दगडमातीच्या जाड भिंती आणि छतावरील मातीचे थर अंगावर पडून गेली. मृतांची संख्या दहा हजारांच्या जवळपास होती. अशा घरात आत थांबणे म्हणजे मरण, हे आपल्याकडील लोक त्या पहाटे शिकले. जपानमधील आजची घरे भूकंपात माणसाला तगवण्यासाठी बांधलेली असतात आणि खरा धोका घराबाहेरच्या पहिल्या काही पावलांवर असतो, कारण तेथे छतावरील कौले, खिडक्यांच्या काचा, दुकानांच्या पाट्या आणि विटांची कुंपणे कोसळतात. म्हणून खाली बसावे, मजबूत टेबलाखाली शिरावे, टेबलाचा पाय घट्ट धरावा आणि हादरे थांबेपर्यंत तेथेच राहावे. टेबल नसेल तर उशीने किंवा दोन्ही हातांनी डोके झाकावे. चुलीवर काही शिजत असेल तर हादरा चालू असताना तिच्याकडे धावू नये. बहुतेक घरांतील गॅसचा मीटर शिंदो ५ च्या सुमारास आपोआप पुरवठा बंद करतो.

हादरे थांबल्यावर मात्र पटापट कामे करावीत. दार उघडून ठेवावे, कारण चौकट वाकली तर ते पुढच्या धक्क्यात अडकते. घर सोडायचे असेल तर विजेचा मुख्य खटका बंद करावा. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे परिसरात झालेल्या भूकंपात ६,४३४ माणसे गेली. तेथील काही आगी वीज परत आल्यावर, पडलेल्या हीटरमुळे आणि तुटलेल्या वायरींमुळे लागल्या होत्या.

फोन आधीच ओरडून सांगतो म्हणतात, ते खरे आहे का?

खरे आहे, परंतु ‘आधी’ म्हणजे काही सेकंद. भूकंपाची हलकी लाट वेगाने पुढे जाते आणि विध्वंस करणारी लाट तिच्या मागून येते. पहिली लाट यंत्रांनी पकडताच दुसरीचा अंदाज करून शिंदो ५ सौम्य किंवा त्याहून जास्त हादरा अपेक्षित असल्यास त्या भागातील सर्व फोनवर एकाच वेळी मोठा आवाज होतो. सामान्य नागरिकांसाठी ही व्यवस्था ऑक्टोबर २००७ पासून चालू आहे. केंद्राच्या अगदी जवळ राहणाऱ्यांना हादरा आणि सूचना एकदमच मिळू शकतात. तो आवाज झोपेत ऐकला की काळजात धस्स होते, पण त्यासाठीच तो तसा ठेवला आहे. नव्या फोनमध्ये ही सूचना बंद केलेली नाही ना, हे पोहोचल्या दिवशीच तपासावे.

भाड्याचे घर घेताना काय पाहावे?

भाड्याच्या आधी बांधकामाचे वर्ष पाहावे. जून १९८१ मध्ये तेथील भूकंपविषयक बांधकामाचे नियम कडक झाले आणि लाकडी घरांसाठी २००० मध्ये ते आणखी सुधारले गेले. स्वस्त खोली अनेकदा १९८१ पूर्वीच्या इमारतीत असते. आपली मुले दर महिन्याला गावी पैसे पाठवता यावेत म्हणून अशी खोली निवडतात, आणि त्यांची ओढ मला समजते. तरीही आईवडिलांनीच त्यांना सांगावे की पैसे थोडे कमी आले तरी चालतील. घर देणारी कंपनी असेल तर तिला हे वर्ष नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. पालिकेच्या कार्यालयात धोक्याचा नकाशा मोफत मिळतो. त्यावर आपली गल्ली, जवळचे निवारा केंद्र, पुराची आणि त्सुनामीची हद्द दाखवलेली असते.

घरात गेल्यावर पलंग कपाटाच्या खाली येणार नाही असा लावावा. उंच कपाट भिंतीला किंवा छताला टेकूने घट्ट करावे; भाड्याच्या घरात खिळे ठोकता येत नसतील तर छतापर्यंत ताणून बसवायचे खांब दुकानात मिळतात. उशाशी बॅटरी आणि जाड तळव्याच्या चपला ठेवाव्यात, कारण रात्री लाईन गेली आणि जमिनीवर काचा पडल्या तर अनवाणी माणूस दारापर्यंतसुद्धा पोहोचू शकत नाही.

आम्ही समुद्र कधी पाहिला नाही. त्सुनामी म्हणजे नेमके काय आणि त्यापासून कसे वाचायचे?

विदर्भातील माणसाला वर्धा आणि पैनगंगेचा पूर ठाऊक असतो. पूर पाऊस पाहून येतो, हळूहळू चढतो आणि काठावर उभे राहून बघता येतो. त्सुनामीच्या बाबतीत यांतील एकही सवय उपयोगाची नाही. समुद्राचा तळ एकदम वर उचलला गेला किंवा खाली बसला की वरचे सगळे पाणी हलते. किनाऱ्यावर पोहोचते ती केवळ उंच लाट नसते, तर मिनिटामिनिटाला आत घुसत राहणारे पाणी असते. गुडघ्याएवढ्या खोलीतही ते माणसाला पाडून वाहून नेते. शिवाय पहिली लाट सर्वांत मोठी असतेच असे नाही, आणि लाटा तासन्‌तास येत राहतात. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, ९.० चा भूकंप झाला. त्यात पंधरा हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि अडीच हजारांच्या आसपास माणसे बेपत्ताच राहिली. बहुतेकांचा जीव हादऱ्याने नव्हे, तर पाण्याने घेतला.

नियम एकच आहे. किनाऱ्याजवळ असताना हादरा जोराचा असेल, किंवा हलका असूनही बराच वेळ चालू राहिला, तर भोंग्याची वाट न पाहता उंच जागी जावे. हलक्या हादऱ्याचा उल्लेख मी मुद्दाम करतो, कारण १५ जून १८९६ रोजी जपानच्या ईशान्येकडील सानरिकू किनाऱ्यावर लोकांना घबराट व्हावी इतकेही हलले नव्हते, आणि तरी आलेल्या त्सुनामीत सुमारे २२,००० माणसे गेली. सामान, पासपोर्ट किंवा शेजारच्या इमारतीतील मित्र यांच्यासाठी परत फिरू नये. प्रत्येकाने आपापल्या वाटेने उंचावर पळायचे आणि भेट नंतर ठरलेल्या जागी घ्यायची, हे आधीच बोलून ठेवलेले असले की मागे वळण्याचा मोह होत नाही.

शेतकऱ्याच्या घरात सांगण्यासारखी एक हकिकत येथे नोंदवतो. १८५४ मध्ये वाकायामा भागातील हिरो या गावी त्सुनामी आली, तेव्हा हामागुची गोर्यो नावाच्या गृहस्थाने अंधारात वाट चुकलेल्या लोकांना उंचावर येता यावे म्हणून भाताच्या पेंढ्यांच्या गंजी पेटवून दिल्या. पुढे त्यांनी स्वतःच्या पैशाने गावासाठी बांध घातला आणि त्या कामावर उद्ध्वस्त झालेल्या गावकऱ्यांनाच रोजगार दिला. त्या घटनेची आठवण म्हणून संयुक्त राष्ट्रांनी ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला आहे. पेंढ्यांची गंजी पेटवणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना समजावून सांगावे लागत नाही.

आमची मुलगी शाकाहारी आहे. तशा वेळी ती खाणार काय?

निवारा केंद्रात पहिल्या दिवसांत भाताचे मुटके, पाव आणि गरम पाण्यातील शेवया मिळतात. मुटक्यांत मासे आणि शेवयांच्या रशात मांसाचा अर्क असण्याची शक्यता मोठी असते, आणि त्या गर्दीत कोणाला वेगळे विचारणे शक्य नसते. म्हणून स्वतःची पिशवी भरलेली असावी. माणशी दररोज ३ लिटर याप्रमाणे किमान ३ दिवसांचे पाणी घरात ठेवावे. शक्य असेल तर आठवड्याचे. खाण्यासाठी फुटाणे, शेंगदाणे, गूळ, चिवडा आणि पाणी घालून खाता येईल असे सातूचे पीठ यांच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही, आणि यांतील बरेच पदार्थ तेथील भारतीय किराणा दुकानांत मिळतात. गावाहून डबा पाठवताना मांसाचा कोणताही पदार्थ घालू नये, कारण तो जपानमध्ये आणण्यास मनाई आहे.

पिशवीत याशिवाय नेहमीची औषधे, चष्मा, मासिक पाळीचे साहित्य, पॉवर बँक, शिट्टी, पाण्याशिवाय वापरता येणाऱ्या शौचाच्या पिशव्या आणि पासपोर्टची प्रत असावी. रोख पैसे, विशेषतः नाणी आणि छोट्या नोटा, अवश्य ठेवाव्यात. सप्टेंबर २०१८ मध्ये होक्काइदोत भूकंपानंतर जवळजवळ संपूर्ण बेटाची वीज गेली होती. अशा वेळी कार्ड आणि मोबाईलचे पैसे चालत नाहीत.

परका माणूस म्हणून निवारा केंद्रात घेतात का? वेगळी वागणूक मिळते का?

निवारा केंद्र सर्वांसाठी असते. ते बहुधा जवळच्या प्राथमिक शाळेत असते आणि तेथे राहण्यासाठी नागरिकत्व विचारले जात नाही. निवासाचे कार्ड मात्र परदेशी माणसाने नेहमीच जवळ बाळगायचे असते.

इतिहासातील एक काळा प्रसंग लपवण्यात अर्थ नाही. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात टोकियो आणि योकोहामा परिसरात सुमारे १ लाख ५ हजार लोक गेले. त्यानंतर पसरलेल्या खोट्या अफवांमुळे तेथे राहणाऱ्या कोरियन लोकांच्या मोठ्या प्रमाणावर हत्या झाल्या. आज परिस्थिती फार वेगळी आहे, आणि माझा अनुभव आपुलकीचा आहे. परंतु आपत्तीनंतर अफवा अजूनही उठतात, त्यांत परदेशी लोकांचे नावही येते, आणि म्हणून आपल्या मुलांनी पडक्या घरांजवळ फिरणे, व्हिडिओ काढणे आणि ऐकीव बातम्या पुढे पाठवणे कटाक्षाने टाळावे. त्याऐवजी केंद्रात पाण्याच्या बादल्या वाहणे, म्हाताऱ्या माणसांना जिन्यावर हात देणे, रांगेत शिस्त ठेवणे ही कामे अंगावर घ्यावीत. खेड्यातील मुलांना ती शिकवावी लागत नाहीत. लग्नात आणि भंडाऱ्यात ती त्यांनी केलेलीच असतात.

मुळात ओळख आधीची हवी. वस्तीची समिती वर्षातून एखादा सराव घेते. सकाळी लवकर, थंडीत, पाण्याची बादली हातोहात पुढे देण्याचा तो कार्यक्रम परदेशी तरुणांना कंटाळवाणा वाटतो आणि ते जात नाहीत. मी प्रत्येकाला जायला सांगतो. ढिगाऱ्याखालून माणसे काढण्याचे काम कोबेत सर्वाधिक शेजाऱ्यांनीच केले होते, आणि तुम्ही कोणत्या खोलीत राहता हे ज्याला माहीत आहे तोच तुम्हाला शोधायला येईल.

भाषा नीट येत नसेल तर?

कामापुरते शब्द तरी पाठ असावेत: जिशिन म्हणजे भूकंप, योशिन म्हणजे नंतरचे धक्के, हिनान्जो म्हणजे निवारा केंद्र, ताकाई तोकोरो म्हणजे उंच जागा, निगेते म्हणजे पळा, किकेन म्हणजे धोका. कोबेच्या भूकंपात परदेशी लोकांपर्यंत सूचना पोहोचल्या नाहीत, आणि त्यातूनच सोप्या जपानीत सूचना देण्याची पद्धत पुढे आली. आज अनेक पालिका तशाच सूचना काढतात. रुग्णवाहिका आणि आग यांसाठी ११९, पोलिसांसाठी ११० हे क्रमांक आहेत.

मुलगी वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. भूकंप झाला तर तिच्यावर सगळा भार येतो का?

रात्री कर्मचारी थोडे असतात, त्यामुळे जबाबदारी मोठी असते, हे खरे आहे. अशा संस्थांना वर्षातून किमान दोनदा सुटकेचा सराव घ्यावा लागतो, आणि एप्रिल २०२४ पासून आपत्तीत सेवा कशी चालू ठेवायची याचा लेखी आराखडा असणेही बंधनकारक आहे. मुलीने रुजू होताच तो आराखडा सोप्या जपानीत समजावून मागावा: रात्री किती जण असतील, कोणाला फोन करायचा, चालू न शकणाऱ्यांना कोठे हलवायचे, लिफ्ट बंद पडली तर काय करायचे. हादरा चालू असताना आधी स्वतःचे डोके वाचवायचे. जखमी सेविका कोणाचीच सेवा करू शकत नाही, आणि हे तिला घरच्यांनीही सांगितलेले बरे, कारण आपल्या मुली स्वतःचा विचार शेवटी करतात.

फोन लागत नाही तेव्हा आम्ही काय करावे?

आधी फोन करणे थांबवावे. मोठ्या भूकंपानंतर फोनच्या लाईन मुद्दाम मर्यादित केल्या जातात, पण लेखी संदेश बहुधा जातात. वीस नातेवाइकांनी फोन केले तर मुलाच्या फोनची बॅटरी त्यातच संपते. जाण्यापूर्वीच ठरवावे की तो ‘ठीक आहे’ एवढाच संदेश एका माणसाला पाठवेल आणि तो माणूस काकांना, मामांना व गावाला कळवेल. आपत्तीत फोन कंपन्या ‘फाइव्ह झीरो जपान’ नावाचे मोफत वाय-फाय खुले करतात, आणि जपानमधल्या जपानमध्ये निरोप ठेवण्यासाठी १७१ हा क्रमांक असतो. दिवसभरात काहीच कळले नाही, तर त्याची कंपनी आणि नंतर टोकियोतील भारतीय दूतावास किंवा ओसाका येथील वाणिज्य दूतावास यांच्याशी संपर्क साधावा.

अशा वेळी मुलाला परत बोलवावे का?

रडत फोनवर ‘परत ये’ म्हणू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. त्या क्षणी रेल्वे बंद असते, विमानतळापर्यंतचा प्रवासच अधिक धोक्याचा असतो, आणि मुलाची घालमेल दुप्पट होते. आठवड्याभराने शांतपणे बोलून तो यायचे म्हणत असेल तर जरूर यावे. २०११ मध्ये अनेक परदेशी लोक परतीची परवानगी न घेता देश सोडून गेले आणि त्यांची कागदपत्रे अडचणीत आली. जुलै २०१२ पासून निवासाचे कार्ड असलेल्यांना वर्षाच्या आत परतायचे असल्यास विमानतळावरच तशी नोंद करून जाता येते. ती नोंद विसरू नये.

काही महिन्यांनंतरही जमीन हलल्याचा भास होतो. हा आजार आहे का?

मोठ्या धक्क्यानंतर पुष्कळांना असा भास होतो आणि तो हळूहळू जातो. झोप उडाली असेल किंवा बंद खोलीत जाण्याची भीती वाटत असेल, तर ती लपवू नये आणि डॉक्टरांकडे जावे.

विमा काढावा का?

आगीच्या साध्या विम्यात भूकंपामुळे लागलेल्या आगीचे नुकसान मिळत नाही. त्यासाठी भूकंपाचा विमा आगीच्या विम्याला जोडून घ्यावा लागतो. खोलीत मोजकेच सामान असलेल्या मुलाला त्याची गरज कमी. कुटुंबासह राहणाऱ्याने मात्र विचार करावा.

आपल्याकडे भूकंप होत नाही. मग गावात बसून हे वाचण्याचा उपयोग काय?

किल्लारीचा परिसरही १९९३ पर्यंत देशातील सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात होता. ४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी तेलंगणातील मुलुगू येथे ५.३ चा भूकंप झाला, तेव्हा गडचिरोली आणि चंद्रपूरच नव्हे तर नागपूरपर्यंत लोक घराबाहेर आले होते. विदर्भाचा मोठा भाग जपानच्या तुलनेत खूपच सुरक्षित आहे, पण आपल्या घरांची ताकदही त्या मानाने कमी आहे. जपानमधून येणाऱ्या पैशातून गावात नवे घर बांधले जाते, तेव्हा टाईल्स आणि गेट यांवर खर्च होतो आणि गवंड्याला दारे-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींना बांधून घेणारा सळईचा काँक्रीट पट्टा घालायला कोणी सांगत नाही. तो सांगून घालून घ्यावा. दगडी भिंत असेल तर तिच्या दोन्ही तोंडांना जोडणारे लांब दगड ठरावीक अंतरावर बसवून घ्यावेत, कारण किल्लारीच्या भिंती मधून फाटून दोन्हीकडे कोसळल्या त्या हे दगड नसल्यामुळे. जुन्या मातीच्या घरात दाराजवळ असाल आणि समोर मोकळे अंगण असेल, तर हलताच बाहेर यावे. कवेलूचे किंवा टिनाचे छत मातीच्या धाब्यापेक्षा हलके असते, पण टिनावर ठेवलेले दगड आणि माळ्यावरची जड भांडी झोपण्याच्या जागेवरून आजच हलवावीत.